हीच व्यक्ती?

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार

उतरलं एकदाचं! सकाळी आठला लावलं होतं, दुपारी पावणेदोनला 'पूर्ण झाले' आलं. मध्ये तीनदा वीज गेली. जामसंड्यात ग्राफिक्सचं दुकान चालवायचं तर स्वभाव थंड हवा. माझा नाही. दोन पत्रिकावाले येऊन परत गेले. गेले तर गेले — तुळशीचं लग्न लागल्याशिवाय कोणाच्याच लग्नाला घाई नसते.

पण काय देखणं आहे हे डिझाइनच्या प्रोग्रामचं नवं व्हर्जन! सगळ्यात आधी एकच केलं. 'कार्यक्रम', 'आशीर्वाद', 'वर्षश्राद्ध' असं टाइप केलं. रफार जागच्या जागी! वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसली नाही, जोडाक्षराचा पाय मोडला नाही. बारा वर्षं मी जुन्या फॉन्टच्या सगळ्या कळा पाठ करून एकेक काना-मात्रा हाताने ओढून बसवत आले, आणि आता हे आपलं मुकाट्याने नीट उमटतंय. डोळ्यांत पाणी आलं. दुकान घराच्या पडवीतच, त्यामुळे आईने बघितलं. "काय गो, रडाक काय झाला?" म्हटलं, रफार जागेर इलो. "बरा," म्हणून ती आत गेली. तिला माझी सवय आहे.

मेनूही मराठीत आलाय. 'पार्श्वभूमी निष्कासित करा.' 'अवांछित घटक विलोपित करा.' असं कोण बोलतं कोणाच्या घरात?

७ ऑक्टोबर

निष्कासित करून बघितली. एक बटण! पूर्वी नवरीच्या एकेका बटेभोवती माउस फिरवत अर्धा दिवस जायचा. माझी मान कशामुळे दुखते ते आज कळलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सुदेशकाका आले होते, बाबांच्या दशावतार मंडळाचे मालक. मंडळाचं नाव इतकं लांब की फ्लेक्सवर त्यालाच दोन ओळी जातात. यंदा साठ वर्षं झाली. "किशोरी, वेबसाईट कर आमची. आणि सत्यवानाचे, तुझ्या बापाशीचे, जितके फोटो गावतीत तितके घाल," म्हणाले. मग माझ्याकडे वाकून, आवाज खाली आणून — "औंदा तो उभो रवाचो नाय ना."

बाबा पलीकडे खुर्चीतच बसले होते. "हळू कित्या बोलतस, सुदेश? डोळे गेलेत माझे, कान नाय."

काका ओशाळले. मी हसले, आणि मग आत जाऊन उगाच पाणी प्याले.

एकेचाळीस वर्षं बाबा त्या मंडळात बायकांचे पार्ट करतायत. राणी, देवी, गवळण, एखादी राक्षसीण. बाबा नथ घालून उभे राहिले की पुढे बसलेल्या बायका गोष्ट सोडून ते साडी कशी चोपून नेसलेत तेच बघत बसतात, म्हणे. म्हणे — कारण मी स्वतः बघून बावीस वर्षं होत आली.

डॉक्टर गेल्या महिन्यात स्पष्टच बोलले. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, राहिलीय ती जपायची. कडेकडेने जात जात शेवटी मधली जाते. किती दिवस, विचारलं. "सहा महिने, वर्ष. सांगता येत नाही."

त्रिपुरी पौर्णिमेला हंगामाचा पहिला प्रयोग आहे. त्या दिवशी साइट तयार हवी. बाबांनी ती बघायला हवी — कोणीतरी वर्णन करून सांगितलेली नव्हे, स्वतःच्या डोळ्यांनी. आणि तेव्हाच मला त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. ती इथे लिहायलाही धीर होत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आईची ट्रंक काढली. तीनशे चौदा फोटो! डांबराच्या गोळ्यांच्या वासाने डोकं चढलं. दिवसभर एकेक स्कॅनरवर ठेवायचा, झाकण लावायचं, उचलायचा. बाबा शेजारी स्टुलावर. मी फोटोत काय आहे ते सांगायचं, ते साल सांगणार. "मागे बाकडा आसा, बाकड्यार पितळी समई." "ता शिरगाव. तेव्हा पेटीवालो तापान फणफणलेलो."

नवं 'विलोपित करा' भारी कामाचं निघालं. राणी रडतेय आणि मागे प्लास्टिकच्या लाल खुर्च्या — फिरवला ब्रश, खुर्च्या गायब. देवीच्या पायाशी पाण्याची बाटली — गायब. एकात तर ऐन दरबारात कुत्रा झोपलाय. त्यावर ब्रश नेणार तेवढ्यात बाबांना म्हटलं, हो कुत्रो काढतंय. "नको गो! तो दर वर्सा येय. सगळा नाटक बघून जाय." कुत्रा ठेवला.

आता लिहूनच टाकते.

सातवीत होते. स्नेहसंमेलनाच्या आठवडाभर आधी वर्गातल्या मुलांनी डोक्यावर टॉवेल घेऊन माझ्यापुढे लचकत चालून दाखवलं. "किशोरीचो बापूस इलो!" सगळा वर्ग हसला. माझ्या बाकावरची मैत्रीणसुद्धा. घरी आले. बाबा दाढी करत होते. दप्तरही न ठेवता म्हटलं, "तुमी शाळेत येव नकात. कधीच येव नकात." अर्धी दाढी झाली होती. त्यांनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "बरा," म्हणाले. आणि उरलेली दाढी केली.

आले नाहीत. सातवी, आठवी, नववी, दहावी. मला दरवर्षी चित्रकलेचं बक्षीस असायचं. आई यायची. एकदोनदा तिच्याबरोबर शिरोड्याची कोण तुळसामावशी होती एवढं आठवतं. स्टेजवरून नुसती दिसली, भेटली कधीच नाही — तिला म्हणे शेवटची एसटी पकडायची असायची. लांबची मावशी शिरोड्याहून इतक्या लांब येते आणि माझा सख्खा बाप शाळेपासून दहा मिनिटांवर घरात बसून राहतो! मी सांगितलं म्हणून.

मीही नंतर त्यांचं नाटक बघायला गेले नाही. गावच्या जत्रेला गेले तरी खाजं घेऊन परत यायची. त्यांनी कधी विचारलं नाही, का येत नाहीस. ओरडले असते तर बरं झालं असतं.

हे आहे ते. माफी मागायची आहे. त्यांना मी दिसतेय तोवर.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज नव्या व्हर्जनने तोंडघशी पाडलं. साइटच्या पहिल्या पानासाठी राणीचा फोटो निवडला — डोक्यावरून पदर, उजव्या हाताने हनुवटीखाली धरलेला. 'स्वयंचलित सुधारणा' दाबलं. उजेड सुधारला, डाग गेले, नथीचा मोती चमकायला लागला. खूश होऊन मोठ्ठा प्रिंट काढला आणि बाबांच्या हातात दिला.

ते खिडकीत घेऊन गेले. आताशा ते मान तिरकी करून, कोंबडीसारखं हळूहळू हलवत, जिथे दिसतं तिथे वस्तू आणतात. बराच वेळ बघत होते.

"साडी माझी. नथ माझी. हात कोणाचो?"

मला कळेना. मग मूळ फोटो शेजारी ठेवला. बाबांची उजवी करंगळी वाकडी आहे. लहानपणी माडावरून पडले, मोडली, तशीच सांधली. बाहेरच्या बाजूला वळलेली. प्रोग्रामला ती चूक वाटली. त्याने सरळ करून टाकली! मी जन्मभर तो हात बघतेय, मला दिसलं नाही. ज्यांना दिसत नाही त्यांना दिसलं.

"सगळे म्हणत, ह्या बोटान तू बाईचो पार्ट कसो करतलस," बाबा सांगत होते. "मगे मी पदर असो धरूक लागलंय. वाकडा बोट बरा दिसता पदरार. आता पोरां सरळ बोट मुद्दाम वाकडा करतत." आणि स्वतःच हसले.

जुनी आवृत्ती परत आणली. हीही एक नवी सोय — प्रत्येक बदलाआधीचं आपोआप जपून ठेवलेलं असतं, कधीही मागे जाता येतं. माणसांना का नाही दिली ही?

१६ ऑक्टोबर

स्वयंचलित सुधारणा कायमची बंद. माणसाचे हात सुधारणारे हे कोण!

१८ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून माझं सगळ्यात लाडकं — 'चेहरे'.

सगळे फोटो एकदा त्यात ओतायचे. मग हा एकेक चेहरा ओळखून ज्याचे त्याचे ढीग लावतो. खात्री नसली की फोटो समोर धरून विचारतो — 'हीच व्यक्ती?' खाली 'हो' आणि 'नाही'. एवढ्या सगळ्या हुशार बटणांत हा एकटाच विचारून करतो, म्हणून आवडला. माझा संगणक म्हातारा, त्यामुळे रवंथ करत बसतो. दोन दिवस लागतात. चुकतोही. पालखीतल्या देवाचा मुखवटा सुदेशकाकांच्या ढिगात घातला. काकांना फोन करून सांगितलं तर केवढे खूश!

पण एक गंमत झाली. गंमत नव्हे. बाबांचा रेशनकार्डावरचा फोटो — पांढरा शर्ट, दोन दिवसांची दाढी — आणि राणीचे, देवीचे, गवळणीचे सगळे, त्याने एकाच ढिगात टाकले. कुंकू, नथ, काजळ, गंगावन, कशाने फसला नाही. विचारलंसुद्धा नाही. मी मात्र दोन फोल्डर आधीच करून ठेवले होते. एक 'बाबा'. एक 'पार्ट'.

सातवीपासून माझ्याकडे हे दोनच ढीग आहेत. आज एकत्र केले. नाव दिलं 'बाबा'.

२० ऑक्टोबर, सोमवार

चावदिस, म्हणजे नरकचतुर्दशी. पहाटेची अंघोळ, पोहे — गुळाचे, तिखट, दह्याचे. तुळशीपुढे कारीट फोडायला उभे राहिलो. बाबांनी अंगठा टेकवला तो कारिटाच्या वीतभर बाजूला. पुन्हा टेकवला, पुन्हा बाजूला. आईने आपल्या पायाने कारीट हळूच सरकवलं, बरोबर त्यांच्या अंगठ्याखाली. फटकन फुटलं! बाबा पोरासारखे ओरडले, "गोविंदा!"

आईने माझ्याकडे बघितलंही नाही. ही दोघं एकमेकांसाठी काय काय करत आली असतील, कोणाला न सांगता.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज काय बघितलं ते लिहायला सकाळपासून थांबलेय.

वेबसाइटच्या भागात एक नवी सोय आहे. आपण केलेलं पान वेगवेगळ्या नजरेच्या माणसांना कसं दिसेल ते ती दाखवते. रंगांधळेपणा. मोतीबिंदू. काचबिंदू. मी सहज दाबलं.

पडदा कडेने काळा होत आला. वरची मंडळाच्या नावाची पट्टी गेली. डावीकडचा मेनू गेला. खालचं कूर्मावताराचं कासव गेलं, ते मी हौसेने काढलं होतं. मधोमध वाटीएवढी जागा उरली, तीही धुक्यातली. आणि त्या वाटीत काय होतं? काही नाही. कोरी जागा. दोन रकान्यांमधली. बाबांचा फोटो मी उजवीकडे लावला होता — तो काळोखात गेला होता. त्यांच्या साइटवर ते कुठेच नव्हते.

एवढंच दिसतं त्यांना! परवा त्यांच्या शेजारी चहा ठेवला आणि ते चाचपडत राहिले तेव्हा मी खेकसले होते, "फुड्यातच तर आसा!" फुड्यात नव्हता. बाजूला होता. त्यांचं 'फुडा' केवढं ते मला आज कळलं. फार रडले. आईला दिसू नये म्हणून प्रिंटर चालू ठेवला, त्याचा आवाज मोठा आहे.

मग सगळं मोडलं. सगळं! पुन्हा पहिल्यापासून. काळी पार्श्वभूमी. एका वेळी एकच फोटो, पडद्याच्या मधोमध. नाव खाली नको, फोटोवर बोट ठेवलं की मोठ्या पिवळ्या अक्षरांत यावं. मेनू नको, खाली जाणं नको, शोधणं नको. स्पेसबार दाबला की पुढचा.

संध्याकाळी चहा बरोब्बर समोर ठेवला, हातभर अंतरावर. "आज चाय गो कशी गावली माका!" बाबा म्हणाले.

२७ ऑक्टोबर

सुदेशकाका फोनवर नाराज. "पानात एकच फोटो? बाकी सगळा काळा? सुतक आसा काय?" म्हटलं, काका, उद्घाटन बाबांच्या हस्ते ना? मग बाबांना दिसेल अशीच होणार. मग म्हणाले, "कर. तुका होया तशी कर."

२९ ऑक्टोबर, बुधवार

बांद्याचा मंगेश आला होता. यंदापासून राणी तो करणार. काजूच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, तिशीचा, आवाज गोड, पण साडी नेसला की पोलीस साडी नेसल्यासारखा वाटतो. बाबांनी त्याला पडवीत चटईवर बसवलं आणि तासभर नुसतं बसायलाच शिकवलं. गुडघा कुठे, टाच कुठे, पदर कुठल्या खांद्यावरून किती.

"स्टेजर बाई दिसणा सोपा, मंगेश. उजेड आसता, पेटी वाजता, लोकांका आधीच म्हायत आसता. खऱ्या बायकांत जावन बसलस आणि शेजारणीकसुद्धा कळूक नाय — तेका म्हणतत पार्ट!"

शिकवायला लागले की बाबा थोडं वाढवूनच सांगतात. मंगेश तोंड उघडं टाकून ऐकत होता. आई सुपात तांदूळ निवडत होती, ती उगाचच खाकरली आणि सूप घेऊन आत गेली.

शेवटी बाबांनी आपली नथ मंगेशला दिली. दाबाची, मोत्यांची, एकेचाळीस वर्षांची. डबी त्याच्या हातात ठेवली आणि हात लगेच मागे घेतला. मला बघवलं नाही. मी काम असल्यासारखी संगणकाकडे वळले.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न. अंतरपाट धरायला मी आणि बाबा. मंगलाष्टकं संपेपर्यंत सांगून टाकायचं असं ठरवलं होतं. पाच मंगलाष्टकं झाली. अक्षता टाकल्या. चुरमुरे वाटले. नाही सांगितलं.

भित्री आहे मी, दुसरं काही नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार. त्रिपुरी पौर्णिमा

झालं. साइट झाली, आणि तेही झालं. पण जसं व्हायला हवं होतं तसं नाही.

दुपारी जेवणं उरकल्यावर पडवीची दारं लावून घेतली. पडद्यावरचा उजेड वाढवला. बाबांची खुर्ची पडद्यापासून हातभर, बरोब्बर समोर. त्यांचा अंगठा स्पेसबारवर ठेवला. "दाबा."

काळोखातून राणी आली.

बाबांनी मान तिरकी केली नाही. हलवली नाही. सरळ समोर बघत होते! कितीतरी वेळ. मग पुन्हा दाबलं. गवळण. पुन्हा. देवी. चाळीस फोटोंना दीड तास लागला. प्रत्येकात कोण पेटीवर, कोण मृदंगावर, कुणाच्या अंगणात कपडे बदलले, कुठे भाताची पेज मिळाली आणि कुठे नुसता चहा, सगळं सांगितलं. दरबारातला कुत्रा आला तेव्हा "इलो गो इलो!" म्हणून टाळी वाजवली. शेवटचा फोटो रेशनकार्डाचा ठेवला होता. पांढऱ्या शर्टातले बाबा. "हो कोण म्हातारो?" म्हणाले.

आता नाही तर कधीच नाही. खाली फरशीवर बसले, त्यांच्या गुडघ्यापाशी. म्हटलं, बाबा, मी सातवीत तुमका सांगलंय, शाळेत येव नकात म्हणान. माझा चुकला. मी लाजलंय तुमची. इतकी वर्सा सांगूचा होता.

बाबांनी ऐकून घेतलं. मग तोंड दाराकडे वळवलं. दारात आई होती, चहाच्या कपबश्या घेऊन. तिचा चेहरा त्यांना दिसला असणार नाही. आणि बाबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते! आईसुद्धा! कपबश्या किणकिणायला लागल्या म्हणून तिने त्या खाली ठेवल्या आणि तोंडाला पदर लावला.

"इतकी वर्सा ता धरून बसलंस?" बाबा म्हणाले. "अगो बाय माझ्या!"

बावीस वर्षं पोटात घेऊन हिंडलेली गोष्ट, आणि यांना हसू येतं! मी तडक उठले. बाबांनी चाचपडत माझं मनगट पकडलं. "बस गो. परत पयल्यापासून दाखय." दाखवलं. पण रागातच दाखवलं.

संध्याकाळी मंगेशला साडी नेसवायला सुदेशकाका बाबांना घेऊन गेले. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी मान वळवली नाही, एवढं मात्र खरं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळपासून आईशी बोलले नाही. दुपारी ती दुकानात आली आणि एक पिशवी टेबलावर ठेवली. माझ्या शाळेचे फोटो. दहा-बारा असतील. "ह्ये पण घाल तेच्यात. ऱ्हवले होते."

ही मंडळाची साइट आहे, माझी नाही, असं जरा तुसडेपणानेच म्हटलं.

"साईटीत नको. ता तुझा चेहरे बघणारा आसा मा, तेच्यात घाल. माझ्यासाठी घाल."

घातले. दोन वेण्या, तेल चोपडलेले केस, छातीवर बिल्ला. बक्षीस घेतानाचे. या फोटोंत मी आजवर फक्त स्वतःलाच बघत आलेय. संगणक लागलाय रवंथ करायला. वीज गेली नाही तर परवापर्यंत होईल.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दुकान उघडलं तर 'चेहरे' माझी वाट बघत थांबलेला. बाबांच्या ढिगाशेजारी एक फोटो काढून ठेवलेला. 'हीच व्यक्ती?'

सातवीचं स्नेहसंमेलन. मी बक्षीस घेतेय. पलीकडे बायकांची पहिली रांग. आई. तिच्या शेजारी शिरोड्याची तुळसामावशी. चौकट मावशीच्या चेहऱ्याभोवती होती.

चुकला पुन्हा, म्हटलं. 'नाही'वर माउस नेला.

मग फोटो मोठा केला. साडी आईची, मोरपंखी, जी तिने कधी कोणाला दिली नाही. डोक्यावरून पदर, उजव्या हाताने हनुवटीखाली धरलेला. करंगळी वाकडी. बाहेरच्या बाजूला.

आई आत नारळ खवत होती. विचारलं, आई, शिरोड्याची तुळसामावशी आता कशी आसा? तिने खवणं थांबवलं नाही.

"शिरोड्यात आमचा कोण आसा गो?"

आठवीच्या फोटोत आहे. नववीच्या. दहावीच्याही.

चारदा 'हो' दाबलं. चौथ्यांदा बटण नीट दिसलं नाही.